दादाचा खुबा आणि निळा रंग

माझ्या थोरल्या भावाच्या कमरेत लोखंड बसवलंय असं आमची आई वस्तीत सांगते. लोखंड नाही ते. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा गोळा, टायटॅनियमची दांडी आणि प्लास्टिकचं अस्तर लावलेली वाटी. हे मला आज माहीत आहे. सहा महिन्यांपूर्वी नव्हतं. आणि दादाला तर ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘चांगल्या क्वालिटीचं आहे, काळजी करू नको.’

दोस्तहो, मी त्या डॉक्टरला शिव्या द्यायला बसलेलो नाही. त्या कधीही देता येतील. मला माझ्याबद्दल बोलायचंय. कारण त्या धातूबद्दल मला थोडंफार कळलं, आणि कळल्यावर मीही ते दादाला दोन महिने सांगितलं नाही. डॉक्टरनं केलं तेच मी केलं. फरक एवढाच की डॉक्टर परका होता आणि मी सख्खा. तर प्रश्न असा आहे : ज्याचं शरीर त्याच्यापासून त्या शरीराची गोष्ट लपवायचा अधिकार कुणाला आहे? मायेपोटी लपवली तर तो अधिकार मिळतो का?

आधी दुखणं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दादाला सिकलसेल आहे. विदर्भातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको, प्रत्येक वस्तीत दोन-चार घरं आहेत. पण मुंबई-मराठवाड्याच्या मित्रांसाठी : रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, त्या ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडं अशी ठणकतात की माणूस लोळतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या आणि नाजूक. त्या तुंबल्या की गोळा जिवंतपणी मरतो. दादाचा डावा गोळा असा मेला. अठ्ठाविसाव्या वर्षी तो ऐंशीच्या म्हाताऱ्यासारखा चालत होता.

आई वाहक, बाप वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक पोराला चारात एक वेळ हा रोग पुरा मिळतो, चारात दोन वेळा पोर नुसता वाहक होतो. दादा रोगी, मी वाहक. एकाच पोटातून आलो, चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली.

इथं काही शहाणे म्हणतात, बघा, हा तुमच्या लोकांच्या रक्तातला दोष. दोष कसला? ज्या मुलखात मलेरिया माणसं खात होता तिथं वाहक माणूस तगला, म्हणून हे जनुक टिकलं. आदिवासींत आहे, आपल्यात आहे, तेली-कुणब्यांतही सापडतं. पण वाहकाला वाहकच जोडीदार मिळण्याची शक्यता वाढवली कुणी? पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्नं लावणाऱ्या व्यवस्थेनं. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचं मर्म या जातीतल्या लग्नातच दाखवून दिलं होतं. लोक म्हणतात जात मनात असते. आमच्या घरी ती रक्ताच्या रिपोर्टवर छापून आली.

२०१६च्या कायद्यात सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आला. २०२३च्या जुलैत केंद्र सरकारनं मोहीम काढली, २०४७पर्यंत रोग संपवायचा म्हणून. चांगलं आहे. संपवा. दादा तोवर साठीच्या आसपास असेल.

आता मातीकडे येतो.

सिकलसेलवाल्यानं उन्हात राबू नये, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये, ओझी उचलू नयेत. आमच्याकडे मग कामं उरतात कोणती? शेतमजुरी बाद, बांधकाम बाद, कोळसा खाण बाद. दादा सतराव्या वर्षी भद्रावतीला ग्रामोदय संघात माती शिकायला गेला. कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभी केलेली संस्था. मिरमिरा गांधीवादी. आपली पोरं गांधीवाद म्हटलं की नाक मुरडतात, मीही मुरडतो, पण दादाच्या हातात चाक तिथंच आलं हे खोटं कसं सांगू?

चळवळीतल्या एका मित्रानं तेव्हा दादाला सुनावलं होतं. आपण गावकी सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि तू बलुतेदाराचं काम अंगावर घेतोस? मडकी घडवायला धम्म घेतला का? त्याचं म्हणणं अगदीच फेकून द्यावं असं नव्हतं. आणि मडक्याचं तर आपल्याशी जुनं वैर. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यात आपल्या माणसाला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागे. १९३६च्या, लाहोरला देऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलंय. पण त्याच भाषणात त्यांनी हेही मांडलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीत माणसाच्या आवडीला, कुवतीला जागा नाही. दादाला चाक कुठल्या स्मृतीनं दिलं? कुठल्या पाटलानं? त्यानं ते निवडलं. कुंभाराचा पोर पोट भरत नाही म्हणून चाक सोडतो आणि महाराचा पोर आवडलं म्हणून चाकावर बसतो, तेव्हा मनूच्या तोंडात मातीच जाते. मी त्या मित्राला असंच सांगितलं होतं. तो हसला. नंतर त्यानंच दीक्षाभूमीला दादाच्या स्टॉलवरून सहा कप नेले.

ते कप निळे होते. याच निळ्याशी पुढं गाठ आहे.

दादा एका छोट्या शेडमध्ये काम करतो. बरण्या, कप, कुंड्या, वर झिलई, ते लोक ग्लेझ म्हणतात. अंगानं तो बारीक, पण चाकावर बसला की माती त्याचं ऐकते. आधी तो जमिनीलगतच्या चाकावर उकिडवा बसून काम करायचा. ऑपरेशननंतर सगळं बदललं. खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली पडलेलं वाकून उचलायचं नाही. आपलं सगळं जगणं जमिनीवरचं. जेवण जमिनीवर, संडास उकिडवा, वंदना मांडी घालून. विहारात दादा भिंतीशी खुर्ची टाकून बसला तर पहिल्या रविवारी एक आजी म्हणाली, बुद्धापेक्षा उंच बसते का रे? तो काही बोलला नाही. पुढचे तीन रविवार विहारात गेलाच नाही. मग त्याच आजीनं घरी येऊन त्याला हाताला धरून नेलं, तेही सांगायला पाहिजे.

शेडमध्ये त्यानं विजेचं चाक विटांच्या ओट्यावर चढवलं. उंच स्टूल केलं. माती मळायचं टेबल पोटाएवढं. पन्नास किलोचं पोतं आता एकदम हलत नाही, घमेल्यानं थोडं थोडं. चार महिन्यांत तो परत कामाला लागला. दुखणं गेलं. खरंच गेलं. त्या धातूच्या गोळ्यानं माझ्या भावाला परत उभं केलं हे मी आधी कबूल करतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी ऑपरेशनच टाळावं असं मला नको आहे.

मग मी वाचत सुटलो. मला खोड आहे. सातवीनंतर शाळा सुटली, पण कागद दिसला की वाचतो. सूतगिरणीत रात्रपाळीच्या सुट्टीत मोबाईलवर खुब्याच्या सांध्याबद्दल वाचता वाचता एक प्रकरण सापडलं. डेप्यू कंपनीचा ए.एस.आर. नावाचा सांधा, गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. धातूवर धातू घासून बारीक कण सुटायचे, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं, सांध्याभोवतीचं मांस सडायचं. २०१० साली कंपनीनं तो जगभरातून परत बोलावला. भारतात सुमारे ४,७०० लोकांच्या अंगात तो बसवून झाला होता. त्यातल्या बहुतेकांचा पुढं पत्ताच लागला नाही. २०१८ साली भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. आकडा मोठा आहे. पण ज्याचा पत्ताच नाही त्याला द्यायचा कुठं?

त्या रात्री मी साच्यासमोर उभा होतो आणि बॉबिनकडे बघून मला हसू आलं, वाईट हसू. आमच्या गिरणीत सुताच्या प्रत्येक कोनवर काउंट आणि लॉट नंबर असतो. एका लॉटचं सूत दुसऱ्यात मिसळलं तर कापडावर पट्टे पडतात, पार्टी माल परत पाठवते, सुपरवायझर आमची आई-बहीण काढतो. सुताचा पत्ता लागतो. माणसाच्या हाडात ठोकलेल्या धातूचा लागत नाही.

दादाचा सांधा धातूवर धातूचा होता की नव्हता, मला तेव्हा माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ऑपरेशनचं नाव आणि तारीख. आणि त्यातच मला आठवलं, दादा रोज ज्या निळ्यात हात घालतो तो निळा म्हणजे कोबाल्ट ऑक्साइड. ग्लेझमध्ये शंभराला एक भाग टाकला तरी गर्द निळा येतो. भाजून काचेत बसला की तो बहुतेक तिथंच राहतो. पण भाजण्याआधी ती काळसर पूड असते, उडते, श्वासात जाते, नखात बसते. बाहेरूनही कोबाल्ट, आतूनही कोबाल्ट! शरीराला तो लागतो, पण बी-१२ जीवनसत्त्वात असतो तेवढा, नखावरच्या धुळीहून कमी. जास्त झाला तर हृदय, नसा, कान, डोळे, थायरॉइड धरतो. १९६५-६६ साली कॅनडात क्वेबेकला बियरला फेस यावा म्हणून कोबाल्ट घालायचे, ती पिऊन माणसं हृदय निकामी होऊन मेली. हा धातू अंगाबाहेर टाकतं मूत्रपिंड. आणि सिकलसेल मूत्रपिंडालाही पोखरतो.

हे सगळं जुळवून मी आठ दिवस नीट झोपलो नाही. आणि दादाला काही बोललो नाही.

का नाही बोललो? तेव्हा माझ्याकडे तीन कारणं तयार होती. पहिलं, पक्कं काही माहीत नाही, उगाच भीती कशाला. दुसरं, कळून उपयोग काय, सांधा काढता येत नाही आणि काम सोडलं तर खाणार काय. तिसरं कारण मी स्वतःलाही उशिरा सांगितलं. तो निळा तो कुणासाठी बनवतो? चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर, सहा डिसेंबरला, चौदा एप्रिलला त्याचे निळे कप, निळ्या पणत्या संपतात. पुण्याच्या एका दुकानाचीही ऑर्डर असते, पण दादाचा जीव आहे तो आपल्या लोकांच्या निळ्यात. झेंड्याचा निळा त्याला मातीवर हुबेहूब साधलाय, त्यासाठी त्यानं दोन वर्षं चाचण्या केल्या. त्याला जाऊन सांगू की तुझा निळा तुला मारेल?

आता ही तिन्ही कारणं नीट बघा. ‘पक्कं माहीत नाही, भीती कशाला’, हे डॉक्टरचं वाक्य आहे. ‘कळून उपयोग काय’, हे आपल्याला शाळेबाहेर ठेवणाऱ्यांचं वाक्य आहे, शूद्राला ज्ञान देऊन करायचं काय म्हणणाऱ्यांचं. आणि तिसरं? ते तर भक्ताचं आहे. रंगासाठी माणूस खर्ची पडला तरी चालेल, फक्त त्याला कळता कामा नये. मी बाबासाहेबांचा फोटो घरात लावतो आणि भावाला अडाणी ठेवतो.

एका मित्राचं म्हणणं होतं, अज्ञानात सुख असतं. असतं, पण कुणाचं? अज्ञान दादाचं होतं आणि सुख माझं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची वेळ माझ्यावर येत नव्हती, हे ते सुख.

दुसरा मित्र उलट टोकाचा. सरळ सांग, आणि काम बंद करायला लाव. तू भाऊ आहेस, हक्क आहे तुझा. हेही मला पटलं नाही. सांगणं वेगळं आणि लावणं वेगळं. आपल्या माणसाला आजवर दोनच गोष्टी मिळाल्या : एकतर न सांगता धोक्यात ढकलणं, नाहीतर त्याच्या भल्याचं म्हणून त्याच्या वतीनं ठरवणं. गटारात उतरवणारा पहिलं करतो. सुधारक दुसरं करतो. मधली गोष्ट, म्हणजे माहिती हातात देऊन बाजूला उभं राहणं, ती कुणी आपल्याशी केलीच नाही, म्हणून आपल्याला ती घरातसुद्धा करता येत नाही.

शेवटी मी गेलो. हिंगणघाटहून सकाळची गाडी, भांदकला उतरलो, शेडवर पोचलो तेव्हा दादा भट्टी उघडत होता. थंड झालेला एकेक कप काढून नखानं वाजवून कानाशी धरत होता. तडा गेलेला बद्द वाजतो. मी सगळं सांगितलं. दोन महिने लपवलं हेही. तो वाजवतच राहिला. मग म्हणाला,

‘मले आधी काहून नाही सांगतलं?’

‘तुला भीती वाटंल म्हणून.’

‘माह्या भेवाचा मालक तू हायेस का?’

मी गप्प. त्यानं स्टूल ओढलं, डावा पाय लांब करून बसला.

‘तुले काय वाटलं, मले काहीच समजत नाही? निळी पूड घोटली का तोंडात पैशासारखी चव येते. दोन वर्षं झाले. मी तोंडाले फडकं बांधतो, कोनाले सांगतलं नाही.’

‘मग तू काहून लपवलं?’ माझ्याही तोंडून त्याचीच बोली निघाली.

‘तू काम सोड म्हनशीन म्हनून. अन् तुह्यं काय बे? सोमवारी तू शिडी चढतं तं छाती कशी वाजते, मी आयकत नाही का? कार्डिंगचा कापूस कोनाच्या फुप्फुसात जाते? मी म्हनलं का तुले, गिरणी सोड म्हनून?’

कापसाच्या धुळीचा हा रोग असाच असतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर ढिली पडते. माणसाला वाटतं बरा आहे. मला हे माहीत होतं. दादाला माहीत आहे हे माहीत नव्हतं. दोघंही एकमेकांचं शरीर ऐकत होतो आणि दोघंही तोंड शिवून बसलो होतो.

त्या दिवशी आम्ही एक कागद घेऊन बसलो. दादानं सांगितलं, मी लिहिलं. दवाखान्याला अर्ज : माझ्या अंगात बसवलेल्या सांध्याचा प्रकार, धातू, लॉट नंबर लेखी द्यावा. सांध्याच्या डब्यावर स्टिकर असतं, ते केस पेपरवर चिकटवतात. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा रेकॉर्डवाला सुट्टीवर. दुसऱ्यांदा बाबूनं विचारलं, ‘तुला काय करायचंय नंबर घेऊन, लॉटरी लागणार आहे का?’ तिसऱ्या वेळी दादा काठी न घेता गेला आणि खिडकीसमोर दीड तास उभा राहिला. झेरॉक्स मिळाली. त्यातून कळलं : गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा, दांडी टायटॅनियमची, वाटीला प्लास्टिकचं अस्तर. म्हणजे ए.एस.आर.सारखं धातूवर धातू नाही. धोका बराच कमी. गोळा आणि दांडी जुळतात तिथं गंज धरून थोडा धातू सुटू शकतो, तेवढी शंका राहते.

एक गोष्ट दादाला सगळ्यात जास्त लागली. चिनीमातीच्या जातीचा, भाजलेल्या ॲल्युमिनाचा गोळाही मिळतो. १९७० साली फ्रान्समध्ये बुतँ नावाच्या सर्जननं पहिल्यांदा तो वापरला. त्यातून कोबाल्ट सुटायचा प्रश्नच नाही. पण तो महाग, आणि दादाचं ऑपरेशन योजनेतलं. ‘साल्यानं एक डाव विचारलं असतं,’ दादा म्हणाला, ‘मी मातीचाच मागितला असता. पैशे नसते पुरले, पन मागितला असता.’

रक्तातल्या कोबाल्टची तपासणी आमच्या तालुक्यात होत नाही. नमुना मोठ्या शहरात जातो, पैसे माझ्या आठवड्याच्या पगारातून गेले. ब्रिटनमध्ये धातूवर धातूवाल्या सांध्यांसाठी एका लिटरला सात मायक्रोग्रॅम ही लक्ष ठेवायची रेषा ठरवली आहे. दादाचा आकडा त्याच्या बराच खाली आला, पण आपल्या-तुपल्या अंगात असतो त्याहून वर. तो सांध्याचा की शेडमधल्या पुडीचा हे डॉक्टरला सांगता आलं नाही. नव्या डॉक्टरनं निदान तसं सरळ सांगितलं. पुढच्या वर्षी परत करायची, वाढतो का बघायला.

काम त्यानं सोडलं नाही. पुण्याची निळी ऑर्डर परत केली, हिरवी-तपकिरी देतो म्हणाला. दीक्षाभूमीचा निळा ठेवला. पूड आता कोरडी तोलत नाही, आधी पाण्यात कालवून ठेवलेलीच वापरतो, फडक्याऐवजी दुहेरी गाळणीचा मास्क, जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. शेडमधल्या दोन पोरांना त्यानं पुडीचा डबा दाखवून सगळं सांगितलं. एकानं दुसऱ्या दिवशी काम सोडलं. दादाला वाईट वाटलं, पण त्यानं त्याला थांबवलं नाही. मला हे बरोबर वाटतं. मित्र म्हणतो निळाही सोडायला हवा होता. मी दादाला तसं विचारलं नाही.

एक मात्र डोक्यातून जात नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेत काँगोतून येतो. तिथं माणसं, पोरंसुद्धा, हातानं खड्डे खणून तो काढतात. जर्मन खाणवाल्यांनी या धातूला नाव दिलं ते भुताचं, त्याचं खनिज भाजलं की विषारी धूर यायचा म्हणून. दादाच्या खुब्यातला गोळा, त्याच्या कपाचा निळा, तुमच्या-माझ्या मोबाईलची बॅटरी. काँगोतल्या पोराला कुणी सांगितलं असेल का, फडकं बांध म्हणून? दादाला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं हातातला निळा कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

निघताना त्यानं माझ्या खिशात एक चिठ्ठी घातली. सेवाग्रामच्या दवाखान्यात फुंकर मारून फुप्फुस तपासतात, तिथला वार आणि वेळ. वार सोमवार. मुद्दाम. या गोष्टीला पाच आठवडे झाले. चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. मी अजून गेलेलो नाही.